गाडी चुकली तर दुसरीनं ये

निर्मला : अहो वन्सं, दारात उभ्यानं बोलू नका, आत या. गल्लीला आयतं खाद्य कशाला द्यायचं?

वर्षाराणी : नको वहिनी. मी बसायला आलो न्हाय. अव्वाचा एक फोटो द्या, आल्या पावली जातो.

निर्मला : 'आलो, जातो'! ऐकलं होतं मी, कोल्हापूरच्या पोरी स्वतःला पोरासारखं बोलतात म्हणून. आमच्या निपाणीकडं असं बोललं तर बायका पदर तोंडाला लावून हसतील. लगीन झालं, लेकरू झालं, मलकापूरला नांदायला गेलात, तरी सुटलं न्हाय व्हय?

वर्षाराणी : माहेरचं तेवढंच राह्यलंय माझ्याकडं. पण तुम्ही मला ओळखलं कसं? आपण एकमेकींना कधी बघितलं न्हाय.

निर्मला : आरशात बघता की न्हाय कधी? अव्वांचंच नाक, अव्वांच्याच भुवया. मी ह्या घरात आले तवा तुम्ही राजवीररावांबरोबर पळून गेलेल्या. नणंद नुसती ऐकून माहीत. बसा. त्या खुर्चीवर नको, तिथं वायरी हायत. इकडं, पाटावर बसा. लाईट गेलीय, पंखा न्हाय. भारनियमन कधी संपतंय ते देवाला ठाऊक.

वर्षाराणी : दादा दुकानातच हाय न्हवं?

निर्मला : तिथंच. जेवायला येतील आता.

वर्षाराणी : मग लवकर द्या. रिक्षा मुद्दाम लक्ष्मीपुरीतनं घातलो. पेंडीच्या पोत्यांआड बसलेला दिसला, तवाच इकडं वळलो.

निर्मला : सख्ख्या भावाला चोरासारखं लपून बघायचं! काय दिवस आलेत.

वर्षाराणी : पोरगी आता बोलायला लागलीय. शेजारच्या पोरांना दोन-दोन आज्ज्या, मला एकच का, म्हणती. दाखवायला फोटोसुद्धा न्हाय माझ्याकडं. म्हणून जीव घट्ट करून आलो.

निर्मला : फोटो देते की. कपाटात हाय, त्या खोलीत. पण लाईट आल्याशिवाय त्या खोलीत जाऊन उपयोग न्हाय, पाय कुठं ठेवाल तिथं वायर. आमच्या बायडाबाईची खोली ती.

वर्षाराणी : बायडाबाई? कामवाली ठेवलीसा?

निर्मला : कामवाली परवडली हो! अहो, तुमच्या दादाचा कंप्युटर. सर्वर म्हणायचं त्याला. कुठल्याशा कारखान्याच्या ऑफिसातला जुना डबा लिलावात घेतला, आणि ह्यांनी चार महिने खपून त्यात जीव घातला. दिवसरात चालूच. गल्लीत पाच-सहा घरांत गच्चीवरनं वायरी टाकल्यात. त्यांचा इंटरनेट, गाणी, फोटो, सगळं हिच्या पोटातनं जातंय.

वर्षाराणी : दादाला त्याचा नाद पहिल्यापासनं. मला पण त्यानंच शिकवलं कंप्युटर.

निर्मला : नुसता नाद न्हवं. तिला स्वभाव दिलाय ह्यांनी. उन्हाळ्यात तिला ताप येतो, मग घरातला एकुलता टेबलफॅन तिच्यापुढं आणि आम्ही घामात. कुणी न विचारता आत घुसाय बघितलं तर रुसती. धूळ बसली की ठणाणा करती. हे कामावरनं आले की आधी तिला विचारणार, 'काय बायडाबाई, बरं हाय न्हवं?' मग मला. सवत बरी, तिच्याशी भांडता तरी येतंय.

वर्षाराणी : तुम्ही चालवून घेता व्हय?

निर्मला : घेते की. खंडेनवमीला विभूती पण लावते तिला. माणसाला एक तरी खूळ असावं, न्हायतर दारू पितात. अन् खरं सांगू? अव्वा गेल्यापासनं तेवढंच घर बोलकं हाय.

वर्षाराणी : अव्वाला लई त्रास झाला?

निर्मला : आता विचारताय? रागावू नका वन्सं, पण मी पोटात ठेवणारी न्हवं. माझा राग हाय तुमच्यावर. शेवटच्या दिवसांत ती म्हातारी दाराकडं डोळं लावून पडलेली असायची. कडी वाजली की 'कोण, वर्षा?' ह्यांनी किती फोन केलं तुम्हाला! तुम्ही उचललासा न्हाई.

वर्षाराणी : कुणी फोन केलं?

निर्मला : ह्यांनी.

वर्षाराणी : मला?

निर्मला : मग कुणाला?

वर्षाराणी : वहिनी, पहिली दोन वर्षं मीच दर सणाला ह्या घरात फोन करत होतो. दरवेळी दादाच उचलायचा. 'अव्वाला दे' म्हटलं की म्हणायचा, 'अव्वा म्हणती, माझ्या लेखी ती मेली. तिनं तोंड दाखवायचं न्हाय.' आईनंच तसं म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं येणार?

निर्मला : अव्वा असं म्हणाल्या? काहीतरीच काय!

वर्षाराणी : तिच्या मातीलासुद्धा मला कळवलं न्हाय कुणी. गल्लीतल्या बाळाबाईची लेक मलकापुरात दिलीय, तिच्याकडनं कळलं. तिसऱ्या दिवशी आलो, ह्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राह्यलो आणि परत गेलो. 'तोंड दाखवायचं न्हाय' म्हटलं होतं तिनं. मेल्यावर तरी तिचं ऐकावं म्हटलं.

निर्मला : थांबा, थांबा. हे मला पटंना. हे मला म्हणाले, फोन केला होता, पण ती यायची न्हाय म्हणाली. पन्नास माणसांत म्हणाले. सगळी गल्ली थुंकली तुमच्या नावानं. मी पण.

(वीज येते. आतल्या खोलीत पंख्याची घरघर सुरू होते, बारीक शिटी वाजते आणि मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येतो.)

बायडाबाई : बोलू व्हय? लागलं व्हय ते?

वर्षाराणी : कोण हाय आत?

निर्मला : कुणी न्हाय. लाईट आली की ती अशी उठती. बसा तुम्ही.

वर्षाराणी : वहिनी, आत कोण हाय?

निर्मला : अय्य शिवा! पांढऱ्याफटक पडलाय की. पाणी घ्या. मी आधीच सांगायला पाहिजे होतं, चुकलं माझं.

वर्षाराणी : ती अव्वा हाय.

निर्मला : आवाज अव्वांचा हाय. माणूस न्हाय. ह्यांनी भरून ठेवलाय मशीनमधी. पहिल्यांदा ऐकलं तवा माझ्या हातातलं दूध सांडलं होतं. मग सवय झाली. गल्लीत कुणाला म्हाईत न्हाय. लोकांना ह्यांनी सांगितलंय, कुठल्यातरी नाटकातल्या बाईचा आवाज हाय. म्हणून तर नाव बायडाबाई ठेवलं.

वर्षाराणी : सहा वर्षं झाली मला तो आवाज आठवून आठवून. आठवंनासा झालता. आणि हितं रोज...

बायडाबाई : दार उघडंच हाय. ये आत.

वर्षाराणी : आता काय झालं? कुणाला म्हटली ती?

निर्मला : शेजारचे रुद्रेश. त्यांनी त्यांच्या घरातनं कंप्युटर चालू केला, वायरीतनं जोडले गेले, की ती असं म्हणती. कुणीबी जोडलं की हेच.

वर्षाराणी : आणि काय काय बोलती?

निर्मला : लई बोलती. कुणी पासवर्ड चुकीचा टाकला की म्हणती, 'माणूस चुकतंय. म्हणून काय यायचं न्हाय व्हय?' लोक मुद्दाम चुकीचा टाकतात ते ऐकायला. पोट भरलं, म्हणजे जागा संपत आली, की म्हणती, 'लई साठलंय आत, आता मावत न्हाय.' ते ऐकलं की मला मात्र कसंतरी होतंय. बघा, इंटरनेट गेला वाटतं. आता बोलंल.

बायडाबाई : गाडी चुकली तर दुसरीनं ये. बसून ऱ्हाऊ नको तिथं.

निर्मला : ऐकलं? ही सगळ्यात आवडती गल्लीची. नेट गेलं की सगळे एकमेकांना हेच म्हणतात आता. 'गाडी चुकली तर दुसरीनं ये!' पानाच्या टपरीवरसुद्धा म्हणतात. असं का बघताय?

वर्षाराणी : वहिनी, ह्या घरात गाडीनं कोण येतंय?

निर्मला : म्हणजे?

वर्षाराणी : तुम्ही हितंच. दादा हितंच. मामा समोरच्या बोळात. अव्वानं उभ्या जन्मात 'गाडी चुकली तर दुसरीनं ये' कुणाला म्हणायचं? सांगा की. आणखी काय बोलती ती?

निर्मला : आणखी... कुणी नवा कंप्युटर आणला आणि पहिल्यांदा जोडला, की विचारती, 'नाव काय ठेवलंस गं?' म्हणजे कंप्युटरला नाव द्यावं लागतं म्हणं. रुद्रेशनी 'वाघ्या' ठेवलं होतं. आम्ही पोट धरून हसलो त्या दिवशी...

वर्षाराणी : प्रेरणा.

निर्मला : काय?

वर्षाराणी : प्रेरणा ठेवलंय नाव. माझ्या पोरीचं. अव्वानं तिचं नाव विचारलंय, वहिनी. आणि तुम्ही वाघ्या सांगितलंसा.

निर्मला : वन्सं, माझी शपथ हाय, मला...

वर्षाराणी : अव्वाला कळलं होतं व्हय, मला पोरगी झाली ते?

निर्मला : कळलं होतं. बाळाबाईच आल्या होत्या सांगायला, 'तुमची लेक बाळंत झाली, लक्ष्मी आली.' अव्वांना तवा उठताबी येत न्हवतं. त्यांनी लगेच ह्यांना हाक मारली. 'फोन लाव.' हे म्हणाले, उचलत न्हाय ती. मग अव्वा म्हणाल्या, 'तुझ्या त्या डब्यात बोलते मी. आवाजाचं पत्र जातंय म्हणतोस न्हवं? धाड तिला.' अय्य शिवा...

वर्षाराणी : सांगा पुढं.

निर्मला : ह्यांनी माईक आणला. दार लावून घेतलं, आवाज येतोय म्हणाले, मला चुलीपुढनं हलू दिलं न्हाय. लई वेळ बोलत होत्या. बाहेर आले तवा डोळं लाल. म्हणाले, गेलं पत्र. अव्वा रोज विचारायच्या, 'आलं का उत्तर?' मीच समजूत घालायचे, येईल म्हणून. आणि मनात तुम्हाला शिव्या द्यायचे. पत्राचं उत्तरसुद्धा द्यायचं न्हाय, कसली म्हणायची ही लेक!

वर्षाराणी : मला कसलं पत्र आलं न्हाय.

निर्मला : आणि मी विचारलं होतं ह्यांना, हा बायडाबाईचा आवाज कधी भरला? तर म्हणाले, अशीच गंमत म्हणून बोलायला लावलं होतं एकदा अव्वाला. मी मान हलवली. अडाण्यासारखी मान हलवली मी.

राजशेखर : निर्मला, लाईट आली न्हवं? बायडाबाई उठली का बघ, रुद्रेश म्हणतोय नेट गेलं, तिला एकदा... कोण आलंय?

वर्षाराणी : ये की आत. दार उघडंच हाय.

राजशेखर : वर्षे.

वर्षाराणी : ओळखलंस. मेलेली माणसं ओळखू येतात व्हय रे दादा?

राजशेखर : कधी आलीस?

वर्षाराणी : दुसऱ्या गाडीनं.

राजशेखर : निर्मला, हिला पाणी दिलंस का?

निर्मला : पाण्याचं नाव काढू नका. आधी ती काय विचारती त्याचं उत्तर द्या. मग मी विचारणार हाय.

राजशेखर : हे बघ, तुम्ही दोघींनी काय ठरवून...

वर्षाराणी : एकच विचारतो. अव्वानं माझ्यासाठी पत्र बोललं होतं, व्हय का न्हाय?

राजशेखर : व्हय.

वर्षाराणी : ते तू धाडलंस?

राजशेखर : फाईल मोठी होती. त्या वेळी फोनच्या लाईनीवरनं एवढी मोठी फाईल अटॅच करायची म्हणजे...

निर्मला : अहो!

राजशेखर : न्हाय धाडलं.

वर्षाराणी : आणि 'तोंड दाखवायचं न्हाय', हे अव्वाचं?

राजशेखर : माझं.

निर्मला : आणि मातीच्या दिवशी तुम्ही हिला फोन केला होता?

राजशेखर : न्हाय.

निर्मला : मी पन्नास बायकांत हिला न्हाय न्हाय ते बोलले, आणि तुम्ही शेजारी उभं राहून ऐकलं. माझ्या तोंडातनं वदवून घेतलंसा सगळं.

राजशेखर : तुला काय कळणार त्यातलं? तू आलीस सगळं झाल्यावर. हिला विचार, हिनं काय केलं. हिला कंप्युटर मी शिकवला. रोज दुकान बंद करून येऊन शेजारी बसायचो. मोडेम मी जोडून द्यायचो, क्लासचा अभ्यास हाय म्हणायची. आणि त्याच मशीनवरनं, माझ्याच मेल आयडीवरनं हिनं त्याला पत्रं धाडली. पळून गेली त्या दिवशी सगळी वाचली मी. मी! लोकं दुकानात यायची, पेंड घ्यायची न्हाईत, नुसती विचारायची, 'राजाभाऊ, तुम्हीच म्हणं लाईन जोडून दिलीसा?'

वर्षाराणी : तेवढं चुकलं माझं. तुला सांगायला पाहिजे होतं. पण तू त्या वेळी दोन मुस्काडात मारल्या असत्यास तर मी सोसलो असतो. मला मारायची तर मला मार. अव्वाला का मारलंस?

राजशेखर : मी अव्वाला मारलं? दोन वर्षं तिचं सगळं कुणी केलं? तिला उचलून बसवणं, औषधं, अंगावरच्या जखमा. निर्मलाच्या हातनं सुद्धा करून घ्यायची न्हाय, लाजायची. मी केलं सगळं.

वर्षाराणी : म्हणून काय तिचं बोलणं तुझं झालं?

राजशेखर : तुला काय ठाऊक, त्या दिवशी काय झालं. माईकला स्टँड न्हवता. मी तिच्या तोंडापुढं हातात धरून बसलतो. एवढ्या जवळ. आणि ती बोलत होती, वर्षा अशी, वर्षा तशी, वर्षा ये, वर्षा रुसू नको, वर्षाच्या पोरीला तीट लाव म्हणावं. मी वाट बघत होतो. आता म्हणंल, राजा हाय माझ्याजवळ. राजा बघतोय मला. एकदा तरी. हात अवघडला माझा. संपलं तरी तिनं माझं नाव घेतलं न्हाय. मग म्हणाली, 'धाड.' मी म्हटलं, धाडलं.

वर्षाराणी : रे, तू हितं होतास. तुला कशाला हाक मारायची तिनं? जे जवळ न्हाय त्यालाच हाक मारत्यात न्हवं?

राजशेखर : आता कळतंय ते. त्या वेळी न्हाय कळलं.

वर्षाराणी : मग कळल्यावर का धाडलं न्हाईस? दोन वर्षं झाली. दीड तासाची एसटी हाय मलकापूरला. कुणाबरोबर सीडी धाडली असतीस तरी चाललं असतं.

राजशेखर : सोपं न्हवतं. एकदा खोटं बोलल्यावर खरं कुठनं सुरू करायचं? रात्री ऐकायचो. तुझं नाव आलं की बंद करायचो. मग एकदा म्हटलं, नाव तेवढं काढून टाकावं. राहिलेलं बोलणं मग कुणासाठी पण चालतंय. कापत गेलो. एकेक वाक्य सुटं झालं. सर्वर नवीनच केलता, त्याला आवाज पाहिजे होता. एक टाकून बघितलं. दार उघडंच हाय. दुकानातनं येऊन मशीन लावलं आणि ती तसं म्हणाली... वर्षे, मला वाटलं, मलाच म्हणाली. सहा महिन्यांनी घरात कुणीतरी माझी वाट बघत होतं.

निर्मला : मी मेले होते व्हय?

राजशेखर : तसं न्हाय गं.

निर्मला : तसंच हाय. 

वर्षाराणी : आणि मग गल्लीला दिलीस.

राजशेखर : लोकांना आवडली. लोकं तिच्याशी बोलायला लागली. बायडाबाई म्हटलं की मला पण तिच्याशी बोलता यायला लागलं. अव्वा म्हटलं असतं तर शब्द फुटला नसता. तिला काय वाईट ठेवलं न्हाय मी. कधी बंद पडू दिली न्हाय.

वर्षाराणी : तिनं माझ्यासाठी उघडं ठेवलेलं दार तू अख्ख्या गल्लीला उघडलंस दादा. रुद्रेशला, ज्यानं ज्यानं वायर जोडली त्याला. तेवढं मला सोडून. भांडायला आलो न्हाय मी. अख्खं ऐकव आता. पहिल्यापासनं. माझं नाव असल्यालं.

राजशेखर : अख्खं न्हाय आता.

वर्षाराणी : न्हाय म्हणजे?

राजशेखर : ती पहिली फाईल पुसली मी. तुकडं केल्यावर. तुकडं आहेत तेवढंच.

वर्षाराणी : आणि नाव? 'वर्षा' म्हटलेलं? एखादं तरी राह्यलं असंल की कुठंतरी.

राजशेखर : सगळी काढली. लई बारकाईनं काढली.

निर्मला : शिव शिव शिव.

वर्षाराणी : एकदा सुद्धा न्हाय?

राजशेखर : पण मला पाठ हाय. शब्द न् शब्द. कुठं थांबली, कुठं खोकली, सगळं. मी सांगतो की तुला. ऐक. 'बोलू व्हय? लागलं व्हय ते? वर्षा, मी अव्वा बोलतोय. बाळाबाई सांगत होती...'

वर्षाराणी : बास.

राजशेखर : ऐक तरी. पुढं तुझ्या पोरीचं...

वर्षाराणी : बास म्हटलं न्हवं! तुझ्या तोंडातनं नको. सहा वर्षं तुझ्याच तोंडातलं अव्वाचं म्हणून धरलं मी. 'माझ्या लेखी मेली' हे पण तूच सांगितलंस, ह्याच गळ्यानं. आता 'वर्षा ये' म्हणशील, तर कुठलं खरं धरू मी? तिची म्हणून जी काय माया असंल, ती तुझ्यावर इस्वास ठेवून घ्यायची व्हय?

राजशेखर : खरं सांगतोय, वर्षे. देवाशपथ.

वर्षाराणी : असशील. पण मला आता कळणार न्हाय, कधीच. ते घेतलंस तू माझं.

निर्मला : वन्सं, रडा. रडून घ्या. हितं कुणी काय म्हणणार न्हाय.

वर्षाराणी : न्हाय वहिनी. डबा काढा तो. मी नेतो.

राजशेखर : सर्वर?

वर्षाराणी : तुकडं तर तुकडं. माझ्याशी बोललेलं हाय. फोटो मागायला आलतो, आवाज घेऊन जातो.

राजशेखर : पाच घरांचं नेट हाय त्यावर.

निर्मला : जाऊ द्या खड्ड्यात पाच घरं! 

राजशेखर : वर्षे, माझ्याकडं तिचं दुसरं काय न्हाय. एक सीडी करून देतो, सगळ्या तुकड्यांची. डबा राहू दे. मी हात जोडतो.

वर्षाराणी : तू सीडी ठेव. न्हायतर ती तरी कशाला, तुला पाठ हाय की सगळं. नाव घालून म्हण रोज. डबा मला दे.

निर्मला : देताय का मी वायरी उपटू?

राजशेखर : उपटू नको. तसं उपटलं तर आतलं बिघडतंय. नीट बंद करावं लागतंय. देतो बंद करून.

निर्मला : वन्सं, जरा बाहेर या तेवढ्यात. बंद करताना ऐकू नका.

वर्षाराणी : का? बंद करताना काय म्हणती?

निर्मला : ते पत्राचं शेवटचं असणार. मला आत्ता कळतंय.

वर्षाराणी : मग मी हितंच थांबतो. कर बंद.

राजशेखर : करू?

वर्षाराणी : कर.

अव्वा : जेवल्याबिगर जाऊ नको.

राजशेखर : झाली बंद.

वर्षाराणी : वहिनी, भाकरी झालीय?

निर्मला : झालीय की. भरलं वांगं हाय, शेंगदाण्याची चटणी हाय. बसा, हात धुऊन घ्या. अहो, तुम्ही पण बसा आता. बहीण-भावाची ताटं शेजारी वाढते, निदान एवढं तरी...

वर्षाराणी : एकच वाढा, वहिनी. ती मला म्हटली.